बरोबर कोण आहे?

मानवी हक्कांचा तास नेहमी जेवणानंतर असतो. पोलीस प्रशिक्षण केंद्र असो, नर्सिंग कॉलेज असो की महसूल खात्याचा उजळणी वर्ग असो. वेळापत्रक पाहावे तर सकाळी सगळे ‘खरे’ विषय आणि दुपारी दोन ते तीन ‘मानवी हक्क : पाहुण्या व्याख्यात्या’. पहाटे पाचला उठून मैदानावर कवायत केलेली, घामाने भिजून वाळलेली, वरणभात जेवून आलेली दीडशे पोरे समोर बसलेली असतात. वरचे पंखे गरम वारा खाली ढकलत असतात. पहिल्या पाच मिनिटांतच शेवटच्या रांगेतल्या माना खाली जातात. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी या तासाला उभी राहते आहे. विषय कोणताही शिकवा, त्या माना वर उचलल्या जाईपर्यंत काही शिकवले असे म्हणू नये, एवढे मात्र मला या वर्षांत कळले आहे.

मी मूळची कायदा महाविद्यालयातली शिक्षिका. तिथे मुले जागी असत, पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘‘मॅडम, हा पेपर किती मार्कांना?’’ त्यात त्यांचा दोष नाही. मार्कांना नसलेली गोष्ट शिकायची नसते, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवत आलो. पुढे १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे झाली आणि जिकडेतिकडे व्याख्यानांची लाट आली. त्या लाटेत मला एका पोलीस प्रशिक्षण केंद्राचे बोलावणे आले. डी. के. बसू खटल्याचा निकाल लागून जेमतेम दोन वर्षे होत होती. तो नवा कोरा निकाल हातात घेऊन मी मोठ्या उत्साहाने गेले.

या निकालाविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्याच आधाराने आहे. पश्चिम बंगालमधल्या एका कायदेविषयक मदत संस्थेचे प्रमुख डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. पोलीस कोठडीत माणसे मरत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, त्यांकडे त्यांनी लक्ष वेधले होते. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, न्या. कुलदीप सिंग आणि न्या. ए. एस. आनंद यांच्या खंडपीठाने अटकेच्या वेळी पाळायच्या अकरा गोष्टी घालून दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर त्याचे नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचे टिपण जागेवरच करून त्यावर एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्या माणसाची सही घेतली पाहिजे. अंगावर जखमा असतील तर त्यांची नोंद, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाला भेटण्याची मुभा. आणि या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, अटक झालेल्याच्या एका नातेवाइकाला, मित्राला किंवा त्याची काळजी असणाऱ्या ओळखीच्या माणसाला शक्य तितक्या लवकर कळवले पाहिजे. त्या एका माणसाचे नाव ठाण्याच्या डायरीत लिहिले गेले पाहिजे.

तर ही अकरा कलमे मी फळ्यावर लिहिली. पोरांनी ती वहीत उतरवून घेतली. ‘‘काही शंका?’’ म्हणून विचारले, तेव्हा मराठवाड्याकडचा एक उंच, सडपातळ मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘मॅडम, हे अकरा आरोपीला झाले. आम्हाला किती?’’

सगळा हॉल एकदम जागा झाला.

मी काहीतरी उत्तर दिले. वर्दीबरोबर जबाबदारी येते, शिस्तीच्या खात्यात असे म्हणून चालत नाही, वगैरे. मुलगा ‘‘होय मॅडम’’ म्हणून खाली बसला, पण माझ्याच कानांना ते उत्तर पोकळ लागत होते. नंतर चहाच्या वेळी तिथले एक जुने निदेशक मला हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, ह्यांना गणपतीत सोळा-सोळा तास बंदोबस्ताला उभं करतात. बायकोच्या बाळंतपणाला रजा मिळेल का सांगता येत नाही. आणि महिला पोलिसांचं तर विचारूच नका, रस्त्यावर दिवसभर उभं राहायचं तर पाणीच पीत नाहीत बिचाऱ्या.’’ पुढे पुष्कळ वर्षांनी, २०१६ मध्ये, मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्यामागे खात्यातल्याच एका कर्मचाऱ्याने केलेली मांडणी होती, हे वाचले तेव्हा मला त्या उंच मुलाची आठवण झाली.

ज्याला हक्क म्हणून कधी काही मिळालेले नाही, त्याच्यापुढे दुसऱ्याच्या हक्कांची यादी वाचणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत वाढपी म्हणून उभे करणे. वाढेल तो, पण त्याचे लक्ष पानात नसेल. अर्थात उपाशी आहे म्हणून वाढप्याने जेवणाऱ्याच्या पाठीत लाथ घालावी असे नाही, हेही मी पुढे त्यांच्या तोंडावर सांगू लागले. त्यालाही पोरे हसत, पण ऐकत.

मग मी कलमे मागे ठेवली आणि शब्दांपासून सुरुवात करू लागले. आपल्या भाषेत ‘अधिकार’ या शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. अधिकारी म्हणजे साहेब. त्यामुळे ‘मानवाधिकार’ म्हटले की पोलीस पोराला वाटते, आपल्याकडचा अधिकार काढून दुसऱ्याला द्यायला ह्या बाई आल्या आहेत. म्हणून मी ‘हक्क’ म्हणते. हा अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. सत्य, रास्त, न्याय्य असा त्याचा मूळ अर्थ. त्याचा उलटा शब्द तर आपण रोज वापरतो : नाहक. नाहक मार खाल्ला, नाहक बदनाम झाला. ‘हकनाक गेला बिचारा’ यातही तोच हक्क दडलेला आहे. हक्क म्हणजे काय, असे विचारले तर वर्गात शुकशुकाट असतो. पण ‘तुमच्या आयुष्यात नाहक काय घडलं?’ असे विचारले, की हात वर होऊ लागतात.

एकाला मास्तरांनी न चोरलेल्या कंपासपेटीसाठी अख्ख्या वर्गासमोर मारले होते. एकाच्या बहिणीला दवाखान्यात नंबर असूनही मागे ढकलले होते. आणि एका मुलाने सांगितले की, विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली तेव्हा त्याच्या वडिलांना ठाण्यात दोन रात्री ‘बसवून ठेवले’ होते. ‘बसवून ठेवणे’ हा खास आपल्या पोलीस ठाण्यांचा शब्दप्रयोग आहे. त्यात अटक नाही, नोंद नाही, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची भानगड नाही. नुसते बाकावर बसवून ठेवायचे. मी त्याला विचारले, ‘‘आणि तरी तू पोलिसात भरती झालास?’’ तो म्हणाला, ‘‘तरी नाही मॅडम, म्हणूनच झालो. आता आमच्या घरातल्या कुणाला कोणी बसवून ठेवणार नाही.’’

या उत्तराचे काय करावे ते मला त्या दिवशी कळले नाही. आजही पुरते कळलेले नाही. घरातल्याला बसवून ठेवणार नाहीत, ही झाली एक बाजू. पण ज्याच्या घरात पोलीस नाही, वकील नाही, पुढारी नाही, त्याचे काय? मराठीत ‘हक्काचं माणूस’ असा एक फार गोड शब्द आहे. रात्री-अपरात्री ज्याचे दार वाजवता येते, ज्याच्याकडे न विचारता पाणी मागता येते, ते हक्काचे माणूस. आपल्याकडे हक्क मिळतो तो असा, माणसामार्फत. ठाण्यात, इस्पितळात, कचेरीत आपले पहिले पाऊल पडते ते ‘तिथं आपलं कोण आहे?’ या प्रश्नाने. मानवी हक्क ही कल्पना याच्या बरोबर उलटी आहे. ज्याचे तिथे कोणीच नाही, त्यालाही तेवढेच मिळावे, एवढाच तिचा अर्थ. तो व्याख्यानाने समजावता येत नाही. म्हणून मी एक खेळ सुरू केला.

प्रत्येकाला कागदाचा एक चिटोरा द्यायचा. समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. तुम्ही परगावात आहात. गैरसमजातून तुम्हाला पकडून ठाण्यात आणलंय, खिशातलं सगळं काढून घेतलंय. तिथला अंमलदार म्हणतो, ‘एका माणसाला कळवतो, सांग कोणाला.’ एकच नाव आणि पत्ता किंवा फोन नंबर लिहा.

सुरुवातीच्या वर्षांत चिटोऱ्यांवर गंमतशीर गोष्टी येत. गावात एकच फोन, तोही किराणा दुकानदाराकडे. म्हणून दुकानाचा नंबर आणि खाली ‘निरोप द्यावा’. पोलीसपाटलाचे नाव. तालमीतल्या वस्तादाचे नाव. वडिलांचे नाव त्यामानाने कमी, कारण वडिलांना कळलेलेच नको असते! एकदा एक चिटोरा कोरा आला. मुलगा ऊसतोड कामगारांचा. म्हणाला, ‘‘आईबाप कारखान्यावर गेलेत मॅडम. आज कोणत्या फडात असतील, काय सांगू?’’ त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, ‘‘मुकादमाचं लिही की.’’ तो म्हणाला, ‘‘मुकादमाला कळवलं तर उचल कापतील.’’ बसू निकालात यासाठीही वाट आहे. नातलग बाहेरगावी राहत असतील तर जिल्ह्यातली कायदेविषयक मदत संस्था आणि त्या भागातले पोलीस ठाणे यांच्यामार्फत आठ ते बारा तासांच्या आत कळवायचे आहे. हे कलम मी आधी कितीदा तरी नुसते वाचून दाखवले होते. कोणालाही ते आठवत नसे. त्या दिवसानंतर त्या तुकडीतला एकही मुलगा ते विसरला नसेल.

मोबाइल आल्यापासून निराळाच प्रकार झाला आहे. चिटोरा हातात दिला की पोरे खिशात हात घालतात. फोन जप्त झालाय म्हटल्यावर एकमेकांकडे पाहतात. आईचा नंबरही पाठ नसतो. वाचकहो, हा लेख खाली ठेवून एकदा स्वतःची परीक्षा घेऊन पाहा. घरातल्या निदान एका माणसाचा नंबर तुमच्या मुलांना तोंडपाठ आहे का? मानवी हक्कांच्या शिक्षणातला याहून व्यवहारी धडा मला तरी माहीत नाही.

आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे, आणि तो अभिमानाचाच आहे असे नाही. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, पहारा महिला पोलिसांचा, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच, अशा त्यातल्या गोष्टी पुष्कळांना माहीत असतात. मला आवडतो तो निराळा आदेश. अटक झालेल्याच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून ठाण्यातल्या प्रत्येक कोठडीत चिकटवायचे आणि माणूस ठाण्यात आणल्याबरोबर त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवायचे! म्हणजे आपल्या राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात दररोज मानवी हक्कांचा तास घ्यायचा, आणि शिक्षक कोण, तर ठाणे अंमलदार.

हे मी वर्गात करून घेते. एकाने आरोपी व्हायचे, एकाने वाचायचे. पहिल्या खेपेला सगळे मंगलाष्टकाच्या शेवटच्या कडव्यासारखे घाईघाईने उरकतात. मग मी आरोपीला विचारते, ‘‘काय कळलं?’’ तो म्हणतो, ‘‘कायबी नाही.’’ दुसऱ्या खेपेला ज्याच्या त्याच्या बोलीत सांगायचे. खानदेशातला पोरगा अहिराणीत सांगू लागतो, सोलापूरकडचा कानडी मिसळतो. ‘‘तुला का धरलं ते मी तुला सांगायला बांधलेला आहे’’ हे वाक्य स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत उच्चारताना पोरांचे चेहरे बदलतात. किती ठाण्यांत हे पत्रक भिंतीवर दिसते, असा प्रश्न मात्र मी वर्गात विचारत नाही. निदेशक मागे उभे असतात.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी देसाईगंजला नेते, म्हणजे निकालपत्रातून. १९७२ च्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या त्या ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या पुस्तकांनी ते आधीच फार वेळा छापले आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हे मुख्य कारण. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. हे चौघेही कायद्याचे शिक्षक होते. मोर्चेवाले नव्हेत, पुढारी नव्हेत, खडूने बोटे पांढरी होणारी माणसे. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद आली.

मुलांना चळवळीचा भाग आवडतो. मी त्यांना पुन्हा निकालपत्रातल्या त्या रात्रीकडे आणते. मुलगी एकटी गेली नव्हती. तिच्याबरोबर तिच्या घरची माणसे होती. जबाब झाल्यावर त्यांना बाहेर जायला सांगितले, तिला आत थांबवले, दार लावले, दिवे मालवले. माणसे रस्त्यावर उभी राहून वाट पाहत होती. तिची हक्काची माणसे तिथेच होती, वीस-पंचवीस पावलांवर! मधे फक्त एक दार होते. माझ्या हक्काच्या माणसाच्या सिद्धांताला हे दार मोठा छेद देते, आणि एका मुलीने ते वर्गात बोलूनही दाखवले. ‘‘मॅडम, मग बाहेरच्याला नुसतं कळवून काय होतं?’’ ती म्हणाली. बरोबर होते तिचे. कळवणे म्हणजे सुरुवात. आतल्या माणसाचा हात कोणत्या क्षणी थांबतो, हा खरा प्रश्न. तो कलमांत सापडत नाही.

नर्सिंगच्या मुलींना शिकवणे मला सर्वांत सोपे जाते. पुष्कळदा त्याच मला शिकवतात. संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमाची सुरुवात ‘ऑल मेन’ अशी होणार होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हट्ट धरून ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करायला लावले, हे मी सांगितले, तेव्हा एक सिस्टर हसून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं अडचण नाही मॅडम. बाईमाणूस, गडीमाणूस, माणूस दोन्हीकडं आहे.’’ मी ते टिपून ठेवले.

सरकारी इस्पितळात बरीच वर्षे काढलेल्या याच सिस्टरनी मला या लेखाचे शीर्षक दिले. त्या म्हणाल्या, ‘‘अपघात विभागात पेशंट आला की आमचा पहिला प्रश्न काय असतो माहीत आहे? कुठं लागलंय, हा नाही. बरोबर कोण आहे, हा.’’ सही कोण करणार, औषधे बाहेरून कोण आणणार, रक्त कोण देणार, म्हणून विचारतात. त्यात दुष्टपणा नसतो. पण ज्याच्या बरोबर कोणी नाही, ज्याच्या केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’ एवढेच लिहिलेले असते, तो हळूहळू वॉर्डाच्या शेवटच्या खाटेवर सरकत जातो. ‘‘कुणी ठरवून करत नाही, मॅडम. पण होतं.’’

डॉक्टरांच्या वर्गात मी परमानंद कटारा यांच्या याचिकेची हकिकत सांगते. एका भरधाव मोटारीने एका स्कूटरस्वाराला उडवले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या इस्पितळात नेले. तिथे सांगितले, ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्या. तो वाटेतच गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल दिला की डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा, बाकीचे सोपस्कार नंतर. तरुण डॉक्टर मान डोलावतात आणि मग एक जण उठून विचारतोच, ‘‘मॅडम, पण बिल कोण भरणार?’’ मी रागावत नाही. त्याला उद्या नोकरीवर हाच प्रश्न कोणीतरी विचारणार असते. वैद्यकीय शिक्षणात काय चालत आले, याचे एकच उदाहरण देते. बलात्कारित स्त्रीची ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय आणि तिच्या प्रतिष्ठेवर घाला घालणारी आहे, असे न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. तरी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे अभ्यासक्रम तपासून ती काढून टाका असा आदेश द्यावा लागला. नऊ वर्षे तो निकाल ग्रंथालयात होता. वर्गात पोचला नव्हता.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायची की नाही, याचा विचार मी बरीच वर्षे करत होते.

२०११ ची दिवाळी तोंडावर आली होती. घरात पाहुणे होते, साफसफाई चालली होती, कपाटे उघडी होती. सासूबाईंनी मला लग्नात घातलेली दोन तोळ्यांची साखळी दिसेनाशी झाली. आमच्याकडे तेव्हा नऊ वर्षे काम करणाऱ्या बाई होत्या. कोणी काही म्हणाले नाही. पण सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराकडे गेल्या, माझीही गेली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘पोलिसांत तुमचे एवढे विद्यार्थी आहेत की हो. नुसतं बोलावून दम दिला तरी बोलतात ह्या बायका.’’

माझा कायद्याचा एक विद्यार्थी फौजदार होऊन आमच्याच भागात आला होता. मी त्याला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मॅडम, तक्रार लेखी देताय ना?’’

मी म्हटले, ‘‘लेखी कशाला रे, घरातलीच गोष्ट. जरा बोलावून घे, विचार. मारू-बिरू नकोस हं.’’

हे शेवटचे वाक्य मी अगदी सहज उच्चारले. मारू नकोस असे सांगितले, म्हणजे आपल्यातला मानवी हक्कांचा शिक्षक जागा आहे, असे मला वाटले असावे.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘‘मॅडम, सात वाजून गेलेत. बाईमाणूस आहे. चौकशीला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. आणि कागद नसताना गेलो, तर मी कोण म्हणून गेलो?’’ मी गप्प. तो पुढे म्हणाला, ‘‘उद्या लेखी द्या, मी रीतसर तपास करतो. फक्त एक आहे, घरात होते त्या सगळ्यांना विचारावं लागेल. तुमच्या भाच्यालासुद्धा.’’

आम्ही लेखी तक्रार दिली नाही. का दिली नाही, ते वाचकांनी ओळखले असेल. साखळी आजतागायत सापडलेली नाही.

बाई पुढे चार वर्षे आमच्याकडे काम करत होत्या. त्यांना काही कळले होते का, मला माहीत नाही. मी सांगितले नाही. पण त्या आठवड्यापासून त्या काम संपवून निघताना आपली कापडी पिशवी ओट्यावर, माझ्यासमोर, तोंड उघडे करून ठेवत. हात पुसत. मग पिशवी उचलून जात. ‘‘अहो, असं काय करता?’’ असे मी त्यांना चार वर्षांत एकदाही म्हटले नाही. त्यांची मुलगी आता पदवीधर आहे, नोकरी करते. रविवारची पुरवणी तिच्या घरी येत असेल.

हा प्रसंग मी आता पोलिसांच्या वर्गात सांगते. पहिल्या वेळी सांगताना आवाज कापला होता. पोरांना मात्र फौजदाराचे उत्तर फार आवडते. टाळ्याही पडल्या आहेत. एकदा सांगून झाल्यावर ‘‘काही प्रश्न?’’ म्हटले, तर एकाने विचारले, ‘‘मॅडम, तेव्हा सोन्याचा भाव काय होता?’’ जेवणानंतरच्या तासाला हेही चालायचेच.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जुन्या ५०-अ चे ४८ झाले, १६० चे १७९ झाले. मुलांची पाठांतरे वाया गेली, माझीही गेली. मी नवा तक्ता करून भिंतीवर लावला आहे आणि चुकून जुना क्रमांक तोंडात आला की पोरे मला सुधारतात. चिटोऱ्यांचा खेळ तसाच आहे.

अलीकडच्याच एका तासाला चिटोरे गोळा केले. बरेच कोरे होते, काहींवर नऊच आकडे होते. एकावर फक्त तीन आकडे लिहिलेले : ११२. पोलिसांचा मदत क्रमांक. मी वाचून दाखवले आणि हॉल हसून हसून फुटला. ‘‘अरे, तुला पोलिसांनीच धरलंय, आणि तू पोलिसांनाच फोन करतोस?’’ कोणीतरी ओरडले. एक काळासावळा, बुटका मुलगा मधल्या रांगेत उभा राहिला. हसण्यात त्याला काही वाईट वाटलेले दिसले नाही. म्हणाला, ‘‘दुसरं कोणाचं पाठ नाही मॅडम. आणि कोणी नसलं की तिकडंच करायचा असतो ना?’’

मी काही बोलणार इतक्यात बाहेर शिट्टी झाली. तीन वाजले होते. दीडशे खुर्च्या एकदम सरकल्या आणि पोरे रांगेने मैदानाकडे गेली.